प्रेमाच्या प्रश्नावर टॅरो कसं वाचायचं: चित्रातली माणसं कुणाकडे बघतायत ते आधी बघा

कार्डं उघडायच्या आधीचीच एक गोष्ट सांगते, कारण सगळ्यात जास्त गडबड तिथेच होते. माझ्याकडे जी मुलगी येते ती बसल्या बसल्या विचारते, "ताई, तो माझ्याशी लग्न करेल ना गो?" आणि मग कार्डांकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत राहते. तिला हो किंवा नाही हवं असतं. आपण गोव्यातली माणसं, आपल्याला ही सवय देवळातूनच लागलेली असते, घरात सोयरिक ठरायची असली की आई-आजी देवाला कौल लावायला जाणार, देवाच्या अंगावर पाकळ्या लावणार, गाऱ्हाणं घातलं जाणार, आणि उजवी पडली की सगळ्यांचे चेहरे फुलणार. मी स्वतः तिथे हात जोडून उभी राहिलेय, माझी त्यावर श्रद्धा आहे. पण कौलाचं काम वेगळं आणि टॅरोचं काम वेगळं. पाकळीला दोनच बाजू असतात, टॅरोच्या डेकमध्ये, म्हणजे पत्त्यांच्या जोडात, ७८ कार्डं असतात आणि प्रत्येकात एक अख्खं चित्र असतं, त्यातून उजवं-डावं शोधायला गेलात तर त्या चित्राचा उपयोग शून्य होतो.

म्हणून पहिलं काम, प्रश्न बदलून घ्या. "तो लग्न करेल का" याचं उत्तर त्याच्याकडे आहे, आणि तो तिथे बसलेला नाहीये. जो समोर बसलाय त्याचंच रीडिंग करायचं, हा माझा पक्का नियम आहे. मग प्रश्न असा होतो: "लग्नाचा विषय निघाला की आमच्या दोघांत नेमकं काय होतं?" किंवा "या नात्यात मी काय धरून बसलेय?" किंवा "मी त्याच्याशी बोलायला जाताना काय लक्षात ठेवू?" हा बदल करायला मी कधीकधी वीस मिनिटं घालवते, चहा होतो, रडून होतं, आणि खरं सांगायचं तर अर्धं रीडिंग तिथेच झालेलं असतं. प्रश्न कागदावर लिहून घ्या, तोंडी ठेवू नका, कारण कार्डं आवडली नाहीत की माणूस नकळत प्रश्न फिरवतो.

डेक कुठला घ्यायचा

सुरुवात करत असाल तर रायडर-वेट-स्मिथ घ्या. हा डेक १९०९ साली लंडनमध्ये छापला गेला, कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची आणि चित्रं पामेला कोलमन स्मिथ या बाईंची, बऱ्याच कार्डांच्या कोपऱ्यात तिच्या आद्याक्षरांची सही बारकाईने बघितलं तर दिसते. टॅरो तसे मुळात खेळायचे पत्ते, पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळले जायचे, भविष्य सांगायला त्यांचा वापर अठराव्या शतकात फ्रान्समध्ये रुळला. जुन्या डेकमध्ये छोट्या कार्डांवर बहुतेक वेळा नुसते पाच पेले, सात तलवारी एवढंच असायचं. स्मिथबाईंनी त्यातल्या जवळजवळ प्रत्येक कार्डात माणसं घातली, प्रसंग घातला, आणि नात्याच्या रीडिंगला तेच कामाला येतं. मी माझा पहिला डेक हणजूणच्या बुधवारच्या बाजारातून घेतला होता, नक्षीदार, सोनेरी कडांचा, आणि वर्षभर मला काहीच वाचता येईना कारण चित्रांत माणसंच नव्हती नुसती फुलं आणि चिन्हं. सुंदर डेक नंतर घ्या.

७८ मधली २२ मेजर आर्काना, म्हणजे आयुष्यातले मोठे टप्पे, आणि ५६ मायनर, म्हणजे रोजचं जगणं. मायनरचे चार रंग आपल्या नेहमीच्या पत्त्यांसारखेच. कप्स म्हणजे आपला बदाम, सोर्ड्स म्हणजे इस्पिक, पेंटॅकल्स म्हणजे चौकट, वाँड्स म्हणजे किल्वर. गोव्यात ज्यांनी जुन्या माणसांकडून पोर्तुगीज शब्द ऐकलेत त्यांना तर हे अजून सोपं जाईल, पोर्तुगीजमध्ये या चार रंगांना कोपस, एस्पादस, औरस आणि पाउस म्हणतात, म्हणजे पेले, तलवारी, सोनं आणि दांडके, टॅरोचे चार रंग जसेच्या तसे.

नात्यासाठी एवढं डोक्यात ठेवा: कप्स म्हणजे भावना, वाँड्स म्हणजे ओढ, आकर्षण, उत्साह, भांडणातली आगसुद्धा, सोर्ड्स म्हणजे बोलणं, विचार, संशय, लागलेले शब्द, आणि पेंटॅकल्स म्हणजे पैसा, घर, नोकरी, शरीर, तब्येत. आता कार्डं मांडल्यावर अर्थ सांगायची घाई न करता आधी फक्त मोजा. कुठला रंग जास्त आलाय आणि कुठला आलाच नाही? प्रेमाचा प्रश्न आहे, पाच कार्डं आहेत, आणि एकही कप नाही, तर ते पहिलं बोलायचं. कप नाही म्हणजे प्रेम नाही असा अर्थ लावू नका हां, एवढंच की सध्या दोघांचं सगळं बोलणं दुसऱ्याच गोष्टीवर अडकलंय, पैशावर, घरच्यांवर, वेळेवर. समोरची बहुतेक वेळा लगेच मान डोलावते.

तीनच कार्डं पुरतात

दहा कार्डांचा केल्टिक क्रॉस नावाचा मांडायचा प्रकार आहे, मी तो नात्यासाठी नव्या माणसाला कधीच सुचवत नाही, इतकी कार्डं पडली की जे हवंय तेवढंच कार्ड माणूस उचलतो. तीन काढा. डावीकडचं मी, उजवीकडचं तो किंवा ती, मधलं आमच्या दोघांमधलं. पत्ते पिसताना प्रश्न मनात ठेवा, थांबावंसं वाटलं की थांबा, वरची तीन घ्या.

उजवीकडच्या कार्डाबद्दल एक सावधगिरी. ते "त्याच्या मनात काय आहे" असं वाचू नका. ते "तो तुला सध्या कसा दिसतोय" असं वाचा. गैरहजर माणसाच्या मनात शिरल्याचा आव आणला की रीडिंगचा पाया जातो, आणि तो बिचारा स्वतःची बाजू मांडायला तिथे नसतो.

नजर बघा

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले ती गोष्ट. कार्डाचा अर्थ पुस्तकातून आठवायच्या आधी चित्रातल्या माणसाचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते बघा. मग शेजारच्या कार्डातला माणूस कुठे बघतोय ते बघा. नातं म्हणजे शेवटी कोण कुणाकडे वळलंय हेच ना, आणि ते चित्रात सरळ दिसतं.

द लव्हर्स घ्या, सहावं कार्ड. सगळ्यांना वाटतं हे आलं म्हणजे झालं, प्रेम पक्कं. नीट बघा. एक पुरुष, एक बाई, वर देवदूत. पुरुष बाईकडे बघतोय. बाई त्याच्याकडे बघत नाहीये, ती वर देवदूताकडे बघतेय. म्हणजे एकाचं लक्ष दुसऱ्यावर आणि दुसरीचं लक्ष अजून वरच्या कशावर तरी. हे कार्ड आलं की मी विचारते, तुमच्यातलं कोण कुणाकडे बघतंय आणि कोण परवानगीसाठी वर बघतंय? देवाकडे, आईवडिलांकडे, समाजाकडे? फ्रान्समधल्या जुन्या मार्सेय पद्धतीच्या डेकमध्ये याच कार्डावर एक तरुण दोन बायकांच्या मध्ये उभा असतो आणि वरून मदन बाण रोखून असतो, त्यामुळे या कार्डात निवड हा अर्थ जुनाच आहे. प्रेम आहे, ठीक, पण निवडलंय का?

मग पंधरावं कार्ड, द डेव्हिल, शेजारी ठेवून बघा. तीच दोन माणसं, तशीच उभी, फक्त गळ्यात साखळ्या. साखळ्या सैल आहेत, डोक्यावरून काढता येतील इतक्या. हे कार्ड आलं की घाबरून "वाईट आहे" म्हणू नका, नात्यात सवय, मत्सर, शरीराची ओढ, रोज रात्री फोन चेक करणं, यातलं काय गळ्यात अडकलंय ते विचारा.

टू ऑफ कप्स मला लव्हर्सपेक्षा जास्त आवडतं. दोघं समोरासमोर, दोघांच्या हातात पेला, एकमेकांकडे सरळ नजर. छोटं कार्ड आहे पण खरं नातं हे. नव्या ओळखीत आलं तरी चांगलं आणि पंधरा वर्षं संसार झालेल्यांना आलं तर त्याहून चांगलं, तेव्हा मी म्हणते, अजून एकमेकांकडे बघताय, सांभाळा.

फोर ऑफ कप्समध्ये झाडाखाली हाताची घडी घालून बसलेला मुलगा, समोर तीन पेले, आणि ढगातून एक हात चौथा पेला पुढे करतोय, त्याचं लक्ष नाही. फाइव्ह ऑफ कप्समध्ये काळ्या झग्यातला माणूस सांडलेल्या तीन पेल्यांकडे मान खाली घालून बघतोय आणि त्याच्या पाठीमागे दोन पेले अजून उभे आहेत. ब्रेकअपनंतर आलेल्या माणसाला मी हे कार्ड हातात देते आणि म्हणते मोज, किती पेले आहेत? ती म्हणते तीन. परत मोज. तेव्हा मागचे दोन दिसतात. मी काही बोलायची गरज नसते.

एका रीडिंगची गोष्ट

जुलैतला दिवस, धो धो पाऊस, लाइट गेलेली, साखळी गावाहून कदंबा बस पकडून एक मुलगी आमच्या फोंड्याच्या घरी आली. तिची हरकत नाही म्हणून सांगते, आणि ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय. चार वर्षांचं नातं, मुलगा चांगला, पण लग्नाचं काढलं की गप्प. प्रश्न आम्ही बदलून घेतला: लग्नाचा विषय निघाला की आमच्यात काय होतं.

सोप्यावर मेणबत्ती लावून तीन कार्डं काढली. डावीकडे, म्हणजे ती स्वतः, नाइट ऑफ कप्स, पेला घेतलेला घोडेस्वार. उजवीकडे, तो, क्वीन ऑफ सोर्ड्स. मध्ये फाइव्ह ऑफ पेंटॅकल्स.

ती लगेच म्हणाली, "उलट पडलीत ताई, मी नाइट आणि तो क्वीन?" नाही गो, बरोबर पडलीत. कार्डातला पुरुष म्हणजे पुरुष आणि बाई म्हणजे बाई असं कधीच धरू नका. नाइट म्हणजे जो निघालाय, जो पुढे येतोय. तिनेच चार वर्षं विषय काढलाय, तीच पेला हातात घेऊन जाते.

आता नजर. नाइट ऑफ कप्सचं तोंड उजवीकडे, म्हणजे क्वीनकडे. घोडा हळू चालतोय, पेला पुढे धरलेला, आतलं सांडू नये म्हणून जपून. आणि क्वीन ऑफ सोर्ड्स? तिचंही तोंड उजवीकडे. म्हणजे तिची पाठ नाइटकडे. मुलीने ते बघितलं आणि तिचे डोळे भरले, म्हणाली असंच वाटतं मला, मी मागून बोलतेय असं.

इथे थांबणारे खूप रीडर बघितलेत मी. "त्याला तू नकोयस" म्हणून मोकळे होतात. पण चित्र अजून संपलेलं नाही. क्वीनचा एक हात उघडा, पुढे केलेला आहे, "बोल" म्हटल्यासारखा. दुसऱ्या हातात सरळ उभी तलवार. सोर्ड्स म्हणजे स्पष्ट बोलणं. मी विचारलं, तू त्याच्याशी विषय कसा काढतेस? ती म्हणाली, कुणाच्या लग्नाचे फोटो पाठवते, मिरामारच्या किनाऱ्यावर बसलो की म्हणते आपलं पण असं असतं तर. म्हणजे सगळं कपातून, भावनेतून, आडून. सरळ वाक्यात कधी विचारलंय का? नाही.

आणि मधलं कार्ड. फाइव्ह ऑफ पेंटॅकल्स, बर्फात दोन माणसं चाललीत, फाटके कपडे, एकाच्या बगलेत कुबड्या, वर रंगीत काचेची उजळलेली खिडकी, आणि दोघांपैकी कुणीच त्या खिडकीकडे बघत नाहीये. पेंटॅकल्स म्हणजे पैसा. विचारलं, पैशाचं काही आहे? तेव्हा निघालं, त्याच्या घरावर कर्ज आहे, बहिणीचं लग्न झालं त्याचंही आहे, हे तिला माहीत होतं, पण ती पैशावर कधी बोलत नाही कारण त्याला कमीपणा वाटेल. तो बोलत नाही कारण तो बोलतच नाही. आणि बघा, या कार्डात दोघं एकत्रच चालतायत. थंडीत आहेत पण एकत्र आहेत.

मग मी तिला एवढंच सांगितलं की फोटो पाठवायचे बंद कर आणि एक दिवस सरळ विचार, "आपल्या लग्नाला नेमके किती पैसे लागतील असं तुला वाटतं?" तो काय उत्तर देईल हे कार्डांत नव्हतं आणि मी सांगितलंही नाही.

नाइट्सवर थोडं जास्त

प्रेमाच्या रीडिंगमध्ये नाइट आला की घोड्याकडे बघा. कप्सचा घोडा सावकाश चालतो. वाँड्सचा पुढचे पाय उचलून उभा. सोर्ड्सचा सुसाट धावतोय. आणि पेंटॅकल्सचा घोडा चारही पायांवर स्थिर उभा, मागे नांगरलेलं शेत. मुलींना वाँड्सचा आला की आनंद होतो, पेंटॅकल्सचा आला की तोंड पडतं, कंटाळवाणा वाटतो. मला त्याची बाजू घ्यावीशी वाटते. हा फुलं आणत नाही, मेसेजला उत्तर एका शब्दात देतो, पण पावसाच्या आधी तुमच्या घराच्या छपरावर चढून फुटकी नळी बदलून देणारा हाच. हा आला तर समोरच्याला विचारा, तो काय बोलतो ते सोड, तो काय करतो ते सांग.

पेज, म्हणजे दरबारातला पोरगा, आला तर कोवळेपणा, निरोप, नुकती सुरुवात. क्वीन म्हणजे आत धरून ठेवणारी ताकद, किंग म्हणजे बाहेर चालवणारी. एवढं पुरे.

आपल्याकडचे प्रश्न आणि कार्डं

गोव्यातली नाती पुस्तकातल्या अर्थांत बसत नाहीत, हे मला अनुभवानेच कळलं. एट ऑफ कप्स, रात्री चंद्राखाली एक माणूस आठ पेले रचलेले मागे टाकून पाठमोरा चाललाय, पुस्तकात लिहिलंय नातं सोडून जाणं. पण ज्याची बायको किंवा मैत्रीण विचारतेय तो बोटीवर नोकरीला असेल, महिनोन्महिन्यांच्या काँट्रॅक्टवर, तर तो जातोच, दरवेळी जातो, ते तर सगळ्यांना ठाऊक आहे. पोर्तुगीज पासपोर्ट करून लंडनला गेलेल्याचंही तेच. तिथे या कार्डाचा प्रश्न वेगळा, जाताना मागे काय अर्धं राहिलं? आठ पेल्यांच्या वरच्या ओळीत एक जागा रिकामी दिसते, ती कसली? हँग्ड मॅन, उलटा टांगलेला माणूस, आला तर पुस्तक म्हणेल त्याग, आणि बोटीवाल्याच्या घरात तो म्हणजे सुट्टी लागेपर्यंत लोंबकळत राहिलेले दिवस. त्या कार्डातल्या माणसाच्या चेहऱ्यावर वेदना नाहीये, हे मात्र दाखवायला विसरू नका.

सिक्स ऑफ सोर्ड्स हे माझं फार जवळचं कार्ड. होडीत एक बाई आणि मूल, पाठमोरी, मागे नावाडी, होडीत सहा तलवारी उभ्या रोवलेल्या. मी लहानपणापासून रायबंदरहून चोडणला फेरीबोटीने जातेय, त्यामुळे हे चित्र बघितलं की मला पाण्याचा तो वास येतो. नातं वादळातून निघून शांत पाण्याकडे चाललंय असा अर्थ, होडीच्या एका बाजूला पाणी खळबळलेलं आणि दुसरीकडे सपाट आहे. पण तलवारी होडीतच आहेत, बरोबर नेल्यात. झालेली भांडणं तुमच्याबरोबर पलीकडे येणार. आणि त्या उपटल्या तर भोकांतून पाणी आत येईल, म्हणजे जुनं सगळं लगेच उकरून काढायची ही वेळ नव्हे, आधी किनारा गाठा.

फोर ऑफ वाँड्स बघितलं की मला चवथीची, म्हणजे गणेशचतुर्थीची, माटोळी आठवते, गणपतीच्या वर फळाफुलांनी बांधतात ती. कार्डात चार काठ्या, वर फळाफुलांची माळ, खाली आनंदाने हात उंचावलेली माणसं. हे घरचं, चारचौघांतलं कार्ड आहे. लपवलेल्या नात्यात हे आलं तर मी विचारते, घरी कधी सांगणार?

हायरोफंट, पाचवं कार्ड, म्हणजे धर्म, रीत, घरातली मोठी माणसं. हिंदू मुलगी आणि कॅथलिक मुलगा असं जोडपं आपल्याकडे काही नवलाचं नाही, आणि त्यांच्या रीडिंगमध्ये हे कार्ड पडलं की दोघांचेही श्वास अडकतात. त्याला "विरोध" असं एका शब्दात संपवू नका. हायरोफंटच्या पुढ्यात दोन माणसं बसलीत, दोघांच्या झग्यांवर वेगळी फुलं, एकावर गुलाब, एकावर लिली. दोघं एकाच ठिकाणी येऊन बसलेत. मग विचारता येतं, कुठली रीत तुम्हाला दोघांना हवीय, कुठली फक्त घरच्यांसाठी, आणि मुलं झाली तर काय, हे बोललाय का? चौदावं कार्ड टेंपरन्स याच्या जोडीला आलं तर मला फार बरं वाटतं, एक पाय पाण्यात, एक जमिनीवर, आणि एका पेल्यातलं दुसऱ्या पेल्यात ओततोय तो देवदूत. सावकाश मिसळणं.

जस्टिस किंवा टेन ऑफ पेंटॅकल्स, म्हणजे न्यायाचं किंवा घर-पैशाचं कार्ड, लग्नाच्या प्रश्नात आलं तर कागदपत्रांची आठवण करून द्या. गोव्यात लग्नाच्या नोंदणीच्या सह्या दोनदा होतात, आणि १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्यापासून आपल्याकडे चालत आलेल्या पद्धतीत, आधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते. हे पत्त्यांनी सोडवायचं काम नाही, वकिलाला विचारायचं. रीडरने एवढं सांगणं पुष्कळ.

माझी चूक

द मून आणि सेव्हन ऑफ सोर्ड्स. ही जोडी मी आयुष्यात विसरणार नाही. एका मैत्रिणीसाठी काढली होती, तिचा होणारा नवरा बोटीवरून सुट्टीवर आलेला, वागणं बदललेलं. मून म्हणजे धूसर, काही नीट दिसत नाही. सेव्हन ऑफ सोर्ड्समध्ये एक माणूस पावलं न वाजवता पाच तलवारी घेऊन निघालाय. मी म्हटलं, "तो तुझ्यापासून काहीतरी लपवतोय." एवढंच वाक्य. तिने त्यात दुसरी मुलगी ऐकली, आणि माझ्या आवाजातही ती होतीच, हे मी आज कबूल करते. त्या रात्री तिने त्याचा फोन हिसकावला, त्याच्या आईसमोर नको नको ते बोलली. तो लपवत होता ते हे, की पुढच्या काँट्रॅक्टच्या मेडिकलमध्ये तो नापास झाला होता आणि घरात कुणाला कसं सांगावं त्याला कळत नव्हतं.

ते दोघं पुढे सावरले, पण तो घाव माझ्या बोलण्याने झाला. नंतर मी ते कार्ड घेऊन कितीतरी वेळ बसले होते. त्या माणसाने तलवारी मुठीने धरलेल्याच नाहीत, पात्यांनी धरल्यात. त्याचे स्वतःचे हात कापणार आहेत. हे मी त्या दिवशी बघितलंच नव्हतं, मी फक्त नाव वाचलं होतं. तेव्हापासून सेव्हन ऑफ सोर्ड्स आलं की मी म्हणते, "इथे कुणीतरी काहीतरी एकट्याने उचलून चाललंय आणि त्याला ते लागतंय, कदाचित तूच असशील." कारण लपवणारी बऱ्याचदा समोर बसलेलीच असते.

थ्री ऑफ सोर्ड्स, टॉवर, डेथ यांचंही तसंच. हृदयात तीन तलवारी बघून कुणाचंही धाबं दणाणतं. त्याचा अर्थ दुखलंय, लागलंय, एवढाच धरा, कुणामुळे ते ठरवू नका. डेथमध्ये मागे दोन मनोऱ्यांमध्ये सूर्य आहे तो दाखवा. टॉवरला मी गोड करून सांगत नाही, ते कार्ड आलं की काहीतरी कोसळतंय किंवा कोसळून झालंय, वीज पडलीय, माणसं खाली पडतायत, पण कोसळतं ते नातं असतं की नात्याबद्दलचा एखादा समज, ते तिलाच विचारा.

उलटी कार्डं पहिले सहा महिने वाचूच नका, सरळ करून घ्या. नंतर वाचायची झाली तर उलटं म्हणजे विरुद्ध असं न धरता तीच गोष्ट अडलेली, किंवा आतल्या आत चाललेली, असं धरून बघा.

कार्डं कधी बाजूला ठेवायची

गरोदर आहे का, आजार आहे का, तो मारतो पण प्रेम करतो का, हे प्रश्न आले की पत्ते पिसायचेच नाहीत. पहिल्या दोघांसाठी डॉक्टर. तिसऱ्यासाठी मी डेक कापडात गुंडाळते आणि महिलांसाठीचा हेल्पलाइन नंबर १८१ तिच्या फोनमध्ये तिच्याच हाताने सेव्ह करायला लावते, तातडीचं असेल तर ११२. मारहाणीच्या नात्यात कुठलंही आशेचं कार्ड पडलं तर तिला अजून थांबायला कारण मिळतं, ते पाप मला नकोय.

दुसरं, तिसऱ्या माणसावर कार्डं काढू नका, "त्याची एक्स अजून त्याच्या मागे आहे का" वगैरे. आणि एकाच प्रश्नावर एका रात्रीत पाच वेळा काढणाऱ्या मुली मी बघितल्यात, तिसऱ्या वेळेनंतर त्यांना कार्डं दिसतच नाहीत, फक्त भीती दिसते. एकदा काढलं की वहीत तारीख, लिहिलेला प्रश्न, तीन कार्डं, कोण कुणाकडे बघत होतं, आणि समोरचीने त्या वेळी काय म्हटलं ते तिच्याच शब्दांत लिहा. परत त्या विषयावर काढायचं ते खऱ्या आयुष्यात काहीतरी घडल्यावरच, बोलणं झालं, भेट झाली, भांडण झालं, काहीही, पण घडल्यावर.

साखळीची ती मुलगी चवथ झाल्यावर परत आली होती. करंज्यांचा डबा घेऊन. विचारलं होतं तिने सरळ, पैशाचं. तो आधी उठून गेला म्हणे, आणि दोन दिवसांनी एक कागद घेऊन आला ज्यावर सगळे हप्ते लिहिले होते, दोन वर्षांचे. ती म्हणाली आता कार्ड काढूया, दोन वर्षं थांबू की नको. मी वही उघडून तिला जुलैचं पान दाखवलं, आणि पेन तिच्या हातात दिलं. तिने "थांबू की नको" लिहून खोडलं, थोडा वेळ बसली, मग लिहिलं, "या दोन वर्षांत मला त्याच्याकडून काय लागेल आणि ते मी कसं सांगू?" आणि मग मी पत्ते पिसायला घेतले.